मुंबई ते न्यूयॉर्क: साडेबारा हजार किलोमीटर, दिवसागणिक

मुंबईच्या सहार विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर भरते. मोठे प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटरने जाते. भागाकार केला की चौदा तास येतात. तिकिटावर मात्र जाताना साडेपंधरा-सोळा तास आणि येताना चौदाच्या आसपास लिहिलेले असतात. हा फरक कशाने पडतो ते कळले, की तिकीट निवडण्यापासून पोहोचल्यावर कधी झोपायचे इथपर्यंत बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. म्हणून या प्रवासाचा एकेक दिवस घेऊन पुढे लिहिले आहे.

उदाहरणासाठी एक वेळापत्रक धरू. जाताना मे महिन्यात शुक्रवारी पहाटे ०१:३० चे थेट विमान, न्यूयॉर्कला त्याच शुक्रवारी सकाळी ०७:३०. परतताना जूनच्या अखेरीस शनिवारी सकाळी ११:३० ला निघून मुंबईत रविवारी सकाळी ११:००. कंपन्या हंगामागणिक वेळा बदलतात, गणित मात्र हेच राहते.

तिकीट काढायचा दिवस

घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून पाहावा. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटते की विमान अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक ओलांडून सरळ पश्चिमेला जाईल. दोरा मात्र वायव्येकडून उत्तरेला चढतो: बलुचिस्तान, हेरात, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मॉस्कोच्या जवळून हेलसिंकी, मध्य स्वीडन, आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, लॅब्राडोर, सेंट लॉरेन्सचे आखात, मेन आणि मग न्यूयॉर्क. ही रेषा ६५ अंश उत्तर अक्षांशाला शिवून खाली येते. १२,५५० किलोमीटर म्हणतात ते या दोऱ्याचे माप आहे.

प्रत्यक्षात विमानाला ही रेषा क्वचितच मिळते. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तीच स्थिती होती. अशा काळात भारतीय कंपनीचे विमान आधी अरबी समुद्रावर जाते आणि ओमान किंवा आखाती देशांवरून वर चढते. दिल्लीच्या मानाने मुंबईला हा वळसा कमी पडतो, कारण समुद्र दारातच आहे. दुसरी अडचण रशियाची. फेब्रुवारी २०२२ नंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना जाता येते. मुंबई–न्यूयॉर्कचा थेट मार्ग मॉस्कोजवळून जात असल्याने ही बंदी अमेरिकी कंपन्यांना फार जड गेली. रशियावरून जाण्यात धोका नाहीच असे मात्र नाही. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनच्या तक्रारीमुळे रशियाच्या अतिपूर्वेला मागादान इथे उतरवावे लागले. तिथे सोयी तुटपुंज्या होत्या आणि प्रवाशांना नेण्यासाठी मुंबईहून दुसरे विमान पाठवावे लागले. तिसरी गोष्ट पश्चिम आशियाची. जून २०२५ मध्ये इराणची हद्द अचानक बंद झाली तेव्हा कित्येक विमाने अर्ध्या वाटेतून वळवली गेली.

म्हणून तिकीट काढण्याआधी त्याच विमान क्रमांकाचा मागच्या आठवड्याचा प्रत्यक्ष उड्डाणकाळ विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पाहावा. वेळापत्रकातला आकडा सहा महिन्यांपूर्वी ठरवलेला असू शकतो. मागच्या सात उड्डाणांत विमान काय करते आहे ते दिसते. कधी कधी त्यात इंधनासाठी युरोपात घेतलेला थांबाही सापडतो.

थेट विमान नको असेल तर मधला थांबा निवडताना एकूण अंतर जरूर पाहावे. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, म्हणजे एकूण १२,७५०च्या आत. थेट रेषेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त, कारण लंडन जवळपास वाटेवरच आहे. फ्रँकफर्टचेही तसेच. इस्तंबूलमार्गे सुमारे १२,९००, दुबईमार्गे १२,९५० आणि दोहामार्गे १३,१००च्या आसपास होतात. किलोमीटरमध्ये हा फरक नगण्य आहे. वेळ जातो तो विमानतळावर बसण्यात.

थांब्याचे दोन नमुने असतात आणि शरीराला ते वेगवेगळे जाणवतात. लंडन किंवा फ्रँकफर्टला प्रवासाचे दोन भाग पडतात, साडेनऊ-दहा तास आणि आठ तास. गुडघेदुखी, मधुमेह किंवा पाय सुजण्याचा त्रास असलेल्यांना हे सोसते. दुबई-दोहामार्गे आधी तीन-साडेतीन तास आणि मग सलग चौदा तास बसावे लागते. थांबाही घेतला आणि लांबचा पल्लाही सुटला नाही, असे त्यात होते. वयस्कर माणसांसाठी हा नमुना आम्ही सुचवत नाही. अपवाद अबू धाबीचा. तिथे २०१४ पासून अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टमची तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर प्रवासी देशांतर्गत विमानातून आल्यासारखा थेट बाहेर पडतो. पहिल्यांदा एकटे जाणाऱ्या आई-बाबांना हे फार सोयीचे आहे. त्यासाठी अबू धाबीला किमान तीन तास हाताशी हवेत.

या मार्गाचा इतिहास पाहिला की थेट उड्डाणाची किंमत कळते. एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा १४ मे १९६० रोजी बोईंग ७०७ विमानाने लंडनमार्गे सुरू झाली. न थांबता मुंबईहून न्यूयॉर्कला जायला ऑगस्ट २००७ उजाडावा लागला, कारण एवढे इंधन पोटात घेऊन भरल्या प्रवाशांनिशी उडणारे विमान त्याआधी ताफ्यात नव्हते.

बुधवार: बॅगा

साध्या वर्गात बहुतेक कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा आणि ७-८ किलोची हातातली बॅग नेऊ देतात. घरच्या काट्यावर बॅग साडेबावीस किलोवर थांबवावी. काटे अर्धा किलो इकडेतिकडे दाखवतात, आणि काउंटरसमोर बॅग उघडून लोणच्याची बरणी बाहेर काढण्याची पाळी कुणावर येऊ नये.

खाण्याच्या वस्तूंबद्दल ऐकीव माहितीवर विसंबू नये. अमेरिकेत जाणाऱ्या विमानांत ३५० मिलीलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या बॅगेत असेल तर तिची वेगळी तपासणी होते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, सातू हे सगळे पूडच धरले जाते. ते मोठ्या बॅगेत टाकावे. लोणचे, तूप, काकवी यांनाही तीच जागा, तीही दुहेरी पिशवीत. सुके खोबरे कोणत्याच बॅगेत ठेवू नये. त्यात तेल भरपूर असते, ते पेटते, म्हणून विमानतळावर काढून घेतात.

अमेरिकेच्या बाजूने जे चालत नाही ते असे. ताजी फळे आणि भाज्या नाहीत, मांस नाही. कढीपत्ता नाही, कारण लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारे किडे त्यावर पोसले जातात. तांदूळ, चणे, सोयाबीन आणि करडईचे बी भारतातून प्रवासी सामानात नेता येत नाही. साठवलेल्या धान्यातली खापरा कीड हे त्याचे कारण. तेव्हा आंबेमोहोराची पिशवी घरीच राहू द्यावी. हापूसचेही तेच. अमेरिकेत भारतीय आंबा मिळतो, पण तो विकिरणाची प्रक्रिया करून व्यापारी मार्गाने गेलेला असतो. ती निर्यात २००७ मध्ये लासलगावच्या केंद्रातून सुरू झाली. बॅगेतल्या चार आंब्यांना ती सवलत नाही. जे नेता येते (भाजलेला रवा, लाडू, चकली, कोरडा मसाला, पापड) तेसुद्धा विचारल्यावर सांगायचे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो आणि नोंद राहते.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. २०,००० एमएएचची बँक ३.७ व्होल्टने गुणल्यावर ७४ वॉट-तास भरते, म्हणजे चालते. आकडे पुसट झालेली जुनी बँक काढून घेतली जाण्याची शक्यता असते.

औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, सगळीच्या सगळी हातातल्या बॅगेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न नेमका विचारावा: हा दिवस साडेतेहतीस तासांचा आहे, तर मात्रा कशी वाटायची? पश्चिमेला जाताना दिवसाला साडेनऊ तास जास्तीचे मिळतात आणि एक जेवण वाढते. येताना दिवस साडेचौदा तासांचा होतो. दोन्ही बाजूंचे वेगळे वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावे.

जेवणाची आणि व्हीलचेअरची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी. भारतीय शाकाहारी जेवणाचा कोड एव्हीएमएल, जैन जेवणाचा व्हीजेएमएल, मधुमेहींचा डीबीएमएल.

गुरुवार: निघायची रात्र

या मार्गावर बऱ्याचदा विमान चुकते ते तारखेमुळे. तिकिटावर शुक्रवार ०१:३० लिहिलेले असते आणि माणूस शुक्रवारी रात्री बॅगा घेऊन निघतो. शुक्रवारचे ०१:३० म्हणजे गुरुवारची रात्र. कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटीत लिहावे: 'रात्री ९:३० ला विमानतळावर.' दुसरी चूक विमानतळाची. आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, तेव्हा कोड बीओएम आहे की एनएमआय हे वाचावे. सहारला आंतरराष्ट्रीय उड्डाणे टर्मिनल २ वरून होतात, सांताक्रूझच्या टर्मिनल १ वरून नाहीत.

पुण्याहून टर्मिनल २ सुमारे १५० किलोमीटर. एरवी साडेतीन तास पुरतात, पण खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक आडवा झाला की सहाही लागतात. दुपारी साडेतीन-चारला निघावे. नाशिककरांनी त्याच्याही आधी, कारण भिवंडी आणि ठाण्याच्या संध्याकाळच्या गर्दीचा भरवसा नाही.

काउंटर उड्डाणाच्या ६० ते ७५ मिनिटे आधी बंद होतो आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही. मध्यरात्री आखात, युरोप आणि अमेरिकेची विमाने एकाच वेळी सुटत असल्याने इमिग्रेशनची रांग सर्वांत लांब तेव्हाच असते. अमेरिकेच्या विमानाला दारापाशी आणखी एक तपासणी असते. बोर्डिंग पासवर चार वेळा 'एस' छापलेला असेल तर त्या प्रवाशाची बॅग उघडून पाहतात. यात घाबरण्यासारखे काही नाही, फक्त वीस मिनिटे हाताशी हवीत.

जेवण विमानतळावर पोहोचण्याआधीच, संध्याकाळी साडेसातला, हलके. विमानातले पहिले जेवण पहाटे अडीच-तीनला येते. ते टाळून लगेच झोपणे केव्हाही चांगले.

शुक्रवार, ०१:३०: उड्डाण

तिकिटावरची वेळ विमान जागचे हलल्यापासून ते न्यूयॉर्कला जागेवर उभे राहेपर्यंतची असते. मुंबईत धावपट्टीपर्यंत पोहोचायला आणि रांगेत थांबायला वीस-पंचवीस मिनिटे जातात, तिकडे उतरल्यावर पंधरा-वीस. म्हणजे साडेपंधरा तासांतले ४० मिनिटे जमिनीवरचेच. उरलेल्या चौदा तास पन्नास मिनिटांत वळशासकट सुमारे १३,००० किलोमीटर कापायचे. सरासरी जमिनीवरचा वेग आला ताशी ८७५. विमानाचा हवेतला वेग ९०० असूनही तो घटतो, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहत असतो. समोरून येणारा वारा सरासरी ताशी २५ किलोमीटरचा असला तरी साडेपंधरा तासांच्या प्रवासात अर्धा तास वाढतो. जानेवारीत अटलांटिकवर उंचावरून वाहणारा झोतवारा (जेट स्ट्रीम) ताशी दीडशे-दोनशेच्या पुढे जातो, तेव्हा जाणारे विमान तो टाळण्यासाठी आणखी उत्तरेला सरकते.

बोईंग ७७७-३००ईआर प्रकारच्या विमानाचे उड्डाणाचे कमाल वजन सुमारे ३५१ टन, आणि या प्रवासाला त्यातले ११० ते १२० टन इंधन जळते. निघताना विमानाचा तिसरा हिस्सा इंधनच असतो. ते वाहून नेण्यासाठी पुन्हा इंधन लागते, त्यामुळे शेवटच्या तासाचे अंतर सर्वांत महाग पडते. वजनामुळे विमान सुरुवातीला ३०-३१ हजार फुटांच्या वर चढू शकत नाही. इंधन जळत जाईल तसे टप्प्याटप्प्याने ३५, ३७, ३९ हजारांवर जाते. प्रवासात मध्येच इंजिनांचा आवाज वाढून विमान वर चढू लागले तर ती याच टप्प्यांची चढण असते, काळजीचे कारण नाही. उकाड्याचाही इथे संबंध येतो. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, म्हणून मुंबईच्या मेमधल्या दुपारी एवढे वजन उचलणे रात्रीपेक्षा अवघड.

विमानात वैमानिक चार असतात आणि पाळीपाळीने विश्रांती घेतात. त्यांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. साडेपंधरा तासांच्या उड्डाणात ती आधीच जवळ आलेली असते. म्हणून या मार्गावर तीन तासांचा उशीर कधी कधी थेट रद्द होण्यापर्यंत जातो: विमान दुरुस्त होते, पण तोवर वैमानिकांचे तास संपलेले असतात. उशीर जाहीर झाला की काउंटरवर 'नवे वैमानिक येणार आहेत का' हे विचारावे. उत्तरावरून पुढची रात्र कुठे जाणार याचा अंदाज येतो.

हवेत

या प्रवासातले सर्वांत सुंदर खिडकीबाहेर असते आणि बहुतेक लोक झडप बंद करून झोपलेले असतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर तिचा वेग ताशी १,६७० किलोमीटर, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १,५८०, पण साठ अंशांवर फक्त ८३५. आपले विमान तिथे ९०० ने पश्चिमेकडे जात असते. म्हणजे उत्तरेकडे आल्यावर विमान सूर्याला मागे टाकते, पहाट पाठलाग करते आणि गाठत नाही. डिसेंबरात या विमानाने गेलात तर निघाल्यापासून उतरण्याच्या जरा आधीपर्यंत रात्रच असते, पंधरा तासांची एकच सलग रात्र. मे-जूनमध्ये ६५ अंशांवर सूर्य क्षितिजाखाली फार जात नाही. मग स्वीडन-आइसलँडच्या भागात उजव्या खिडकीतून ईशान्येच्या क्षितिजालगत नारिंगी उजेड तासन्‌तास तसाच टिकलेला दिसतो. उजवी खिडकी यासाठी, की पश्चिमेला जाताना उत्तर दिशा उजव्या हाताला येते. ७७७ मध्ये ती के अक्षराची रांग. हिवाळ्यात याच बाजूला आइसलँड आणि ग्रीनलँडच्या मध्ये ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. हिरवा झळाळता पडदा असेल असे समजू नये. डोळ्यांना तो बऱ्याचदा करडा ढग वाटतो आणि हळूहळू हलतो. केबिनचा उजेड अडवण्यासाठी डोक्यावर पांघरूण घेऊन काचेला नाक लावून पाहावे लागते.

अटलांटिकवर रात्री युरोपकडे जाणाऱ्या विमानांची लाट असते. त्यांचे मार्ग कॅनडातल्या गँडर आणि स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक इथली नियंत्रण केंद्रे वाऱ्याप्रमाणे रोज नव्याने आखतात. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेले विमान नेमके त्या लाटेच्या उलट दिशेने जाते. म्हणून त्याला सहसा त्या मार्गांच्या उत्तरेकडून काढतात. इंजिनात बिघाड झाला तर उतरण्यासाठी आइसलँडचे केफ्लाविक आणि कॅनडातली गूज बे, गँडर ही ठिकाणे हिशेबात धरलेली असतात.

केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावरच्यासारखी विरळ आणि वाळवंटासारखी कोरडी असते. ओलावा २० टक्क्यांच्याही खाली. तहान लागत नाही तरी दर तासाला अर्धा पेला पाणी प्यावे. दर दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत फेरी, आणि बसल्या बसल्या टाच-पंजा उचलण्याचा व्यायाम वीस वेळा. सलग बसल्याने पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार तासांच्या पुढे वाढतो. ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांना आधी असा त्रास झाला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घालावेत. एका पोटरीत दुखणे आणि सूज पुढच्या दोन आठवड्यांत कधीही जाणवली तर ती थकव्यावर ढकलू नये, लगेच दाखवावे.

घड्याळ विमान सुटल्यावर लगेच न्यूयॉर्कचे लावावे. त्या क्षणी तिथे गुरुवारची संध्याकाळ असते, चार-साडेचार. म्हणजे पहिले पाच-सहा तास जागे राहून मग झोपले तर न्यूयॉर्कच्या रात्रीशी जुळते. पण आपण मुंबईत पहाटेपर्यंत जागलेलो असतो आणि एवढे ताणणे बहुतेकांना जमत नाही. व्यवहारात असे करावे: आधी तीन-चार तास झोप, मध्ये जाग, आणि शेवटच्या सहा तासांत आणखी तीन तास झोप. उतरताना एकूण सहा-सात तास झाले तर पुढचा दिवस निभावतो.

शुक्रवार, ०७:३०: न्यूयॉर्क

०१:३० ला निघून ०७:३० ला पोहोचलो, म्हणजे सहा तास दिसतात. त्यात साडेनऊ मिळवले की साडेपंधरा. हिवाळ्यात साडेनऊऐवजी साडेदहा मिळवायचे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात, भारतात काहीच बदलत नाही. या दोन रविवारांच्या आसपास प्रवास असेल तर घेण्यासाठी येणाऱ्याला न्यूयॉर्कच्या घड्याळाची वेळ कळवावी, फरकाची नाही.

इमिग्रेशनवर प्रश्न तीन: कशासाठी, किती दिवस, कुठे राहणार. उत्तरे छोटी आणि खरी. मुलाचा पत्ता आणि फोन कागदावर लिहिलेला असावा, कारण फोनला तिथे नेटवर्क नसते. पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचे असले तरी बॅगा न्यूयॉर्कलाच पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. मुंबईत बॅगेला डॅलसची चिठ्ठी लावलेली असली तरी हे चुकत नाही. पुढचे विमान तीन तासांच्या आत घेऊ नये. घरी पोहोचल्यावर आय-९४ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची, नोंद संकेतस्थळावर उघडून परतीची शेवटची तारीख तपासावी. किती दिवस राहता येईल ते ती तारीख ठरवते, पासपोर्टमधल्या व्हिसाची मुदत नाही.

केनेडी विमानतळ क्वीन्समध्ये आहे. मॅनहॅटनला टॅक्सीचे ठरलेले भाडे ७० डॉलर, वर टोल आणि टीप. स्वस्तात जायचे तर एअरट्रेनने जमैका स्थानक आणि तिथून लाँग आयलंड रेल्वेने पेन स्टेशन. एडिसन, इसेलिन, पार्सिपनी या न्यू जर्सीतल्या गावांत, जिथे मराठी घरे दाटीने आहेत, तिथे जायचे असेल तर मुळात नेवार्क विमानतळाचे तिकीट पाहावे. मुंबईपासूनचे अंतर दोन्हींचे सारखेच. पण एडिसनला नेवार्कहून सुमारे ३२ किलोमीटर, केनेडीहून सुमारे ७० आणि मध्ये न्यूयॉर्कची सकाळची गर्दी.

शुक्रवार दुपार ते मंगळवार

शरीराचे घड्याळ अजून मुंबईचे असते. त्याची सर्वांत खोल झोपेची वेळ, मुंबईची पहाट साडेचार, न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला येते. त्या वेळेच्या आधी डोळ्यांत उजेड गेला तर घड्याळ मागे सरकते, नंतर गेला तर पुढे. पश्चिमेला आल्यावर ते मागे सरकवायचे असते. म्हणून दुपारी बारा ते पाच बाहेर, मोकळ्या उजेडात राहावे, आणि संध्याकाळी सातनंतर दिवे मंद. झोप रात्री नऊला. दुपारी झोपलाच तर गजर लावून पाऊण तास.

पहिल्या रात्री दोन-तीनला टक्क जाग येईल आणि भूक लागेल. काहीतरी हलके खाऊन अंधारातच पडून राहावे, फोन लावू नये. इकडे बहिणीची दुपार असते, तिला गप्पा मारायच्या असतात, पण झोप तिथेच मोडते. रोज साधारण तास-दीड तास फरक भरून निघतो. साडेनऊ तासांना सहा-सात दिवस लागतात. मंगळवारपर्यंत सकाळी पाचपर्यंत झोप लागू लागली तर ठीक चालले आहे. या चार दिवसांत गाडी चालवू नये, विशेषतः संध्याकाळी.

शनिवार: परतीचे उड्डाण

सकाळी ११:३०. वाऱ्याची आता मदत होते आणि विमान चौदा तासांत येते. हिवाळ्यात, झोतवारा जोरात असला तर, त्याहूनही लवकर. न्यूयॉर्कला बर्फ पडत असेल तर पंखांवरचा बर्फ द्रव फवारून काढावा लागतो आणि रांगेमुळे तासभर जातो, मग वाऱ्याने मिळवलेले तिथेच संपते. जूनच्या दुपारी तिथे गडगडाटी वादळे येतात. सकाळचे विमान त्यातून सुटते, संध्याकाळचे अडकते.

पूर्वेला जाताना विमान आणि पृथ्वी एकाच दिशेने. सूर्य झपाट्याने मागे जातो, रात्र छोटी पडते आणि मुंबईला पोहोचण्याच्या बरेच आधी पुन्हा उजाडू लागते. आता उत्तर डाव्या हाताला, तेव्हा खिडकी ए रांगेतली. झोप येत नाही, कारण शरीराला दुपार वाटत असते. तरी डोळ्यांवर पट्टी बांधून चार तास पडून राहावे.

रविवार, ११:००: मुंबई, आणि पुढचे दिवस

जून ते सप्टेंबर मुंबईत पावसाच्या सरीत विमानाला हवेत घिरट्या घालाव्या लागतात. चौदा तास उडून आलेल्या विमानाकडे जादा इंधन थोडेच असते. अर्ध्या-पाऊण तासात जागा मिळाली नाही तर ते अहमदाबाद किंवा हैदराबादला जाते, तिथे इंधन भरून परत येते, आणि चार-पाच तास वाढतात. पावसाळ्यात त्याच दिवशी पुढचे विमान किंवा रेल्वे धरू नये.

परतल्यावर उजेडाचे गणित उलटते आणि बहुतेक जण इथेच चुकतात. आता शरीराची पहाट साडेचार मुंबईच्या दुपारी दोनला असते. दोनच्या आधीचे ऊन घड्याळ चुकीच्या दिशेने ढकलते. 'सकाळी उन्हात फिरा म्हणजे बरे वाटेल' हा सल्ला पहिले दोन-तीन दिवस पाळू नये. दुपारी दोनपर्यंत घरात, पडदे ओढून, बाहेर पडलेच तर गडद चष्मा लावून. साडेतीन ते सहा मात्र जरूर बाहेर राहावे. मग दररोज ही वेळ तासभर अलीकडे आणावी. पूर्वेकडे येताना शरीराला दिवस आखडायचा असतो आणि ते त्याला पश्चिमेपेक्षा अवघड जाते, म्हणून परतीला आठ-नऊ दिवस धरावेत. ऑफिसची रजा जाण्याच्या बाजूला वाढवण्यापेक्षा या बाजूला दोन दिवस जास्त ठेवावी.

विमानतळावरून पुण्याला किंवा नाशिकला जायचे असेल तर गाडी दुसऱ्याने चालवावी. दुपारी दोनच्या सुमाराला, म्हणजे नेमके एक्स्प्रेसवेवर असताना, शरीर सर्वांत खोल झोप मागत असते. चहा-कॉफीने ती पुढे ढकलली जात नाही. कुणी घ्यायला येणार नसेल तर मुंबईतच नातेवाइकांकडे मुक्काम करावा आणि सोमवारी सकाळी साडेनऊनंतरची बस किंवा रेल्वे धरावी.